पेटीला चाके

कर्जत स्थानकात पुण्याकडे निघालेल्या अनेक गाड्या जरा रेंगाळतात. प्रवासी वडापावासाठी फलाटावर उतरतात आणि तेवढ्या अवकाशात गाडीच्या शेपटीला जादा इंजिने जोडली जातात. पुढे भोर घाट आहे. दर ३७ फुटांना एक फूट असा तेथला चढ. पुढच्या इंजिनाने ओढावे आणि मागच्यांनी रेटावे, तेव्हा कोठे गाडी खंडाळ्याला पोहोचते. याच तालुक्यात नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची लहानगी गाडी १९०७ सालापासून डोंगराला वळसे घालीत चढते. वर मोटारींना मज्जाव, म्हणून तेथे माणसाने ओढायच्या रिक्षा कित्येक दशके चालत आल्या. वजन कशावर ठेवावे आणि ते कोणी ढकलावे, हा प्रश्न आमच्या या कर्जत-खालापूरच्या मुलखाला नवा नाही. अलीकडे तो आमच्या प्रार्थनामंदिराच्या दारात एका काळ्या पेटीच्या रूपाने येऊन उभा राहिला, एवढेच.

आमच्या गायनवृंदापाशी बेसचा एक बॉक्स आहे. हार्मोनियम आणि ढोलकी यांवर पूर्वी आमचे भागत असे; नंतर कीबोर्ड आला, आणि कीबोर्डाच्या डाव्या हाताचे स्वर ऐकू यावेत म्हणून हा बॉक्स आला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मोठा गौरव केला आहे. तो वाचताना आम्हांला गुरुविद्यालयात असल्यापासून हुरूप येतो. परंतु ऑर्गनचा खोल, गंभीर स्वर काढायचा तर सोळा-सोळा फूट उंचीच्या नळ्या उभाराव्या लागतात, आणि आमच्या छपराची उंची पाहता त्या नळ्या कौलांतून बाहेर डोकावल्या असत्या. तोच स्वर, सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा, अठरा इंची कर्णा प्लायवूडच्या पेटीत बसवून काढता येतो. राईस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा कर्णा सिद्ध केला, त्याचे हे उपकार. कमतरता एकच. ही पेटी पन्नास किलोंच्या घरात जाते.

रविवारी ती जागच्या जागी असते तोवर कोणाला तिची आठवण होत नाही. पण आमचा धर्मग्राम विखुरलेला. एक कुटुंब खोपोलीकडे, दोन चौकच्या बाजूला, काही डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांत. नाताळाचा कार्यक्रम, सणाची मिस्सा, लग्न, एखादा मेळावा, प्रत्येक ठिकाणी गायनवृंद जातो आणि त्याच्या मागोमाग पेटी जाते. टेम्पोतून उतरवायला चार माणसे लागतात. ही चार माणसे मंडपवाल्याकडची, बहुधा जवळच्याच वाडीतली. त्यांतल्या एका गृहस्थांनी ही पेटी सर्वांत अधिक वेळा वाहिली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कमरेतील मणका सरकला. डॉक्टरांनी वजन उचलायची मनाई केली. ज्याचे पोट उचलण्यावर आहे, त्याला उचलू नको असे सांगणे सोपे. पुढचे कोणी सांगत नाही. ते आमच्याकडे आले ते मदत मागायला नव्हे. ते म्हणाले, "फादर, पेटीला चाकं लावा. चाकं असली तर मी ढकलतो. ढकलायला कंबर लागत नाही, पाय लागतात."

सूचना इतकी सरळ होती की तिच्यावर वाद होईल असे आम्हांस वाटले नव्हते. परंतु कीबोर्ड वाजवणारा आमचा तरुण, जो एरवी आमच्या शब्दाबाहेर नाही, तो या एका बाबतीत हटून बसला. "फादर, चाकं लावली की बेस मरतो. सगळे साऊंडवाले सांगतात. पेटी जमिनीला घट्ट बसली पाहिजे, तरच आवाज जमिनीतून जातो." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, चिंता होती. डाव्या हाताच्या ज्या स्वरांवर सारे गाणे उभे राहते, ते हरवतील अशी ती चिंता होती. एका बाजूला कंबर आणि दुसऱ्या बाजूला स्वर अशी ही फिर्याद आमच्यापुढे आली, आणि निवाडा करायचा तर आधी पुरावा पाहणे भाग होते.

ध्वनीचा अभ्यास धर्मगुरूने करावा का, असे कोणी विचारील. मारँ मेर्सेन नावाचा एक फ्रेंच संन्यासी सतराव्या शतकात होऊन गेला. कंप पावणाऱ्या तारेची लांबी, ताण आणि जाडी यांचा स्वराशी काय संबंध असतो, हे त्याने १६३६ साली मोठा ग्रंथ लिहून सांगितले, आणि ध्वनीचा वेगही मोजण्याचा प्रयत्न केला. त्याच्या मठाला जर हे चालले, तर आमच्या पॅरिशलाही चालावे.

ध्वनी आपल्याकडच्या उष्ण हवेत सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धावतो. सेकंदाला ४१ कंपने हा बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर. त्याची एक लाट म्हणजे सुमारे साडेआठ मीटर, आमच्या मंदिराच्या रुंदीहून किंचित जास्त. चार इंची चाक, त्याची पट्टी धरून, पेटीला जमिनीपासून फार तर तेरा सेंटिमीटर उचलते. साडेआठ मीटरच्या लाटेला तेरा सेंटिमीटरचे काय कौतुक? समुद्राच्या भरतीने किनाऱ्यावरचा एक खडा चुकवावा, तसे ते आहे. हवेतून जाणाऱ्या आवाजापुरते पाहिले तर जमिनीचा आधार पेटीला चाकांवरही तेवढाच मिळतो. ज्या पेटीचे तोंडच तळाला आहे, जिचा वारा जमिनीवर आपटून बाहेर येतो, तिची गोष्ट निराळी. तिच्यात उंची बदलली की स्वभाव बदलतो. आमची पेटी तशी नाही, तिचे तोंड समोर आहे.

दुसरा आक्षेप असा की चाकांवरची पेटी स्वतःच मागेपुढे हलते आणि कर्ण्याचा जोर त्यात वाया जातो. क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया असते हे न्यूटनने १६८७ मध्ये सांगून ठेवले आहे, तेव्हा आक्षेप अगदीच निराधार म्हणवत नाही. पण हिशेब मांडून पाहावा. कर्ण्याचा हलणारा भाग, म्हणजे कागदी शंकू आणि त्याला चिकटलेले वेटोळे, मिळून सुमारे दोनशे ग्रॅम. पेटी पन्नास किलो. म्हणजे पेटी अडीचशे पट जड. शंकू पाच मिलिमीटर पुढे गेला तर पेटी मागे जाईल ती मिलिमीटरचा पन्नासावा भाग, डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्याने बेस मरत असेल, तर तो आधीच अत्यवस्थ असला पाहिजे.

हे सारे आम्ही कागदावर मांडून त्या तरुणाला दाखवले. त्याने ते शांतपणे वाचले आणि म्हणाला, "गणित बरोबर असेल फादर, पण मला कमी ऐकू येतं." गणिताने माणूस गप्प होतो, त्याची खात्री पटते असे नाही. म्हणून आम्ही पेटीखाली चाकांची एक तात्पुरती फळी सरकवली आणि परीक्षा घेतली. गायनवृंदातल्या मंडळींना भिंतीकडे तोंड करून उभे केले, तेच गाणे, तोच आवाज, एकदा पेटी जमिनीवर आणि एकदा चाकांवर. लादीवर कोणालाच फरक सांगता आला नाही. मग पेटी नेली फळ्यांच्या मंचावर, म्हणजे पिंपांवर फळ्या टाकून करतात तसल्या मंचावर, आणि मंडळींना त्याच फळ्यांवर उभे केले. येथे मात्र जो तो बोलू लागला. पेटी फळ्यांवर टेकली की आवाज "भरलेला", चाकांवर गेली की "सुका".

तरुणाचे म्हणणे खरे होते, त्याने दिलेले कारण तेवढे खरे नव्हते. पेटीचा तळ फळ्यांवर घट्ट बसला की तिचा थरकाप फळ्यांत उतरतो. फळ्याच एक मोठी, बेशिस्त ढोलकी होऊन घुमू लागतात, आणि त्यांवर उभ्या असलेल्या वादकाच्या तळपायांतून तो थरार गुडघ्यापर्यंत चढतो. चाकांचे रबर त्यातला बराचसा थरकाप मध्येच अडवते. समोर अंगणात बसलेल्या आजींना काही कमी ऐकू येत नाही. उलट फळ्यांची घरघर गेल्यामुळे स्वर जरा स्वच्छच पोहोचतो. हरवते ते वादकाच्या पायांतले ऐकणे. पायांनी ऐकणे हे ऐकणे नव्हे, असे म्हणण्याइतके आम्ही अरसिक नाही. आमच्या वाड्यांवरचे ठाकर बांधव ढोल कमरेशी बांधून नाचतात, तेव्हा ढोल आधी त्यांच्या पोटात वाजतो, मग आमच्या कानांत.

चाकांनी बेस खरोखर बिघडू शकतो, पण तो वेगळ्याच वाटेने, आणि ती वाट आम्हांला एका सुतार मिस्त्रींनी दाखवली. त्यांनी दुसऱ्या कोणाची एक पेटी दुरुस्तीला आली होती ती उलटी केली. चाके साध्या लाकडी स्क्रूंनी ठोकलेली. कंपनांनी स्क्रू सैल झालेले, दोन तर गळून पडलेले, आणि त्यांच्या जागी आरपार भोके. मिस्त्रींनी पेटी सुरू करून भोकाशी मेणबत्ती धरली. ज्योत फडफडू लागली. बेसची पेटी ही एक प्रकारची घागर असते. तिच्या तोंडावर फुंकर घातली तर ती एका ठराविक स्वरात घुमते. या गुणाचा उपयोग करून पेटीला मुद्दाम मोजून तोंड ठेवायचे, म्हणजे कर्ण्याच्या मागचा वाराही कामी येतो, अशी युक्ती थुरास नावाच्या अमेरिकी संशोधकाने काढली आणि १९३२ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील थील यांनी तिचे गणित पक्के बसवले. आता या मोजून ठेवलेल्या तोंडाशिवाय तळाला आणखी चार भोके पडली, तर घागर पाझरू लागणारच. स्वर ढिला होतो, वर भोकातून फुसफुस ऐकू येते ती वेगळी. मालकाने चाकांना दोष दिला होता. मिस्त्री म्हणाले, "चाकाचं काय चुकलं? स्क्रूवर पैसे वाचवले."

त्यांची रीत अशी. पेटीच्या आतून टी-नट बसवायचा, बाहेरून बोल्ट, मध्ये स्प्रिंग वॉशर, आणि भोकाच्या कडेला सिलिकॉन. तळाला आणखी एक प्लायचा तुकडा डकवायचा, म्हणजे ओझे चार बिंदूंवर न येता पसरते. निदान दोन चाकांना ब्रेक हवेच, कारण आपल्याकडचे मंच सपाट असतात हा एक गोड गैरसमज आहे. उतारावर ठेवलेली पेटी प्रत्येक ठोक्याला तीळ-तीळ सरकते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मंचाच्या टोकाशी येते.

आणखी एक बारकावा त्यांनी सांगितला, जो आम्हांला फार आवडला. तिवई कोणत्याही जमिनीवर स्थिर उभी राहते, चौरंग डुगडुगतो. चार चाकांच्या पेटीचेही तेच. खडबडीत अंगणात तीन चाके वजन घेतात आणि चौथे अधांतरी लोंबते. लोंबणारे चाक आपल्या खिळ्यात सैल असते, आणि एखादा विशिष्ट स्वर आला की नेमके तेच खडखडते. बाकी सारे गाणे ठीक, आणि एकाच ओळीला कोणीतरी डबा हलवल्यासारखा आवाज. वादक कीबोर्ड तपासतो, वायर तपासतो, अॅम्प्लिफायर उघडतो. आणि दोष असतो त्या बेकार चाकात. अशा वेळी पाचरीचा एक तुकडा हजार रुपयांच्या दुरुस्तीला भारी पडतो.

पेटी कोठे ठेवली आहे याचा परिणाम मात्र चाकांहून कितीतरी मोठा. अंगणाच्या मध्यावरची पेटी भिंतीला लावली की खालचे स्वर ठळक होतात, कोपऱ्यात सारली की आणखी. भिंतीमुळे दाब जास्तीत जास्त दुप्पट होऊ शकतो, सहा डेसिबलांची भर. चारचौघांनी उचलून ठेवलेली पेटी कोणी हलवत नाही, जेथे टेकली तेथेच ती राहते. चाके असलेली पेटी मात्र मिस्सेपूर्वी दोन वेळा सरकवून पाहता येते. चाकांमुळे सूर बिघडण्याऐवजी सुधारण्याचीच शक्यता अधिक, असे आम्ही त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

परंतु आवाजावर चाकांचा जो खरा परिणाम या आमच्या भागात झाला आहे, तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही. त्यासाठी हळदीच्या रात्री गावातून फिरावे लागेल. रायगडात आणि मुंबईत बेंजो पार्टी कोणाला ठाऊक नाही? जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी १९१२ साली टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेले एक तंतुवाद्य बनवले; ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झाले आणि आपल्या पोरांनी त्याला बेंजो म्हटले. रवी जाधव यांनी २०१६ साली या वादकांवर हिंदीत चित्रपटही काढला. बेंजोचा आवाज मुळात नाजूक. तो ताशापुढे टिकावा म्हणून कर्णा आला, कर्ण्यासाठी जनरेटर, आणि हे सारे वरातीबरोबर चालावे म्हणून हातगाडी. पेटीला चाके लावावीत का, हा वाद या मंडळींनी केव्हाच निकालात काढला होता. हातगाडीची पुढे ट्रॉली झाली, ट्रॉलीचा टेम्पो झाला, आणि आता टेम्पोवर पेट्यांची भिंत उभी असते. जी पेटी चौघांनी उचलायची, ती घरोघर जात नसे. चाकांवर बसल्यावर ती आजाऱ्याच्या खिडकीखालीही जाऊ लागली.

या बाबतीत कायदा मुका नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा. पण या मोजणीत एक मेख आहे. डेसिबल मोजण्याची जी पद्धत नियमात आहे, ती माणसाच्या कानाची नक्कल करते, आणि मंद आवाजात आपला कान खालच्या स्वरांना बराच बधिर असतो. म्हणून मोजणारे यंत्र ५० कंपनांच्या स्वरातून तब्बल तीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. शिवाय भिंत सनईला अडवते, बेसला फारशी अडवत नाही. आतल्या खोलीत निजलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जे धडधडते, मांडणीवरची भांडी ज्याने वाजतात, ते आकड्यात पुरते उतरतच नाही. अशा खोलीत रुग्णाला तैलाभ्यंग देताना, आपल्या ओठांवरची प्रार्थना आपल्यालाच ऐकू येऊ नये, हा अनुभव आम्ही घेतलेला आहे.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी एक निकाल आपण ख्रिस्ती मंडळींनी वाचावा. चेन्नईतील एका चर्चच्या ध्वनिवर्धकांविरुद्ध शेजारी न्यायालयात गेले होते. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी दिला. चर्च आमच्या पंथाचे नव्हते, हे समाधान फार वेळ टिकत नाही. संत ऑगस्टीन यांनी तर सोळाशे वर्षांपूर्वी, ध्वनिक्षेपक स्वप्नातही नसताना, आपल्या आत्मकथनात ही खंत नोंदवली आहे की कधी कधी गाण्याच्या आशयापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते. बेसचा बॉक्स त्यांच्या वाट्याला आला असता तर त्यांनी आणखी एक प्रकरण लिहिले असते असे आम्हांला वाटते.

चाकांचा आणखी एक हिशेब आहे, तो मजुरीचा. चौघांचे काम एकटा करू लागला, तर उरलेल्या तिघांनी काय करायचे? माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तेव्हा माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही हे सांगतानाच, ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा, त्यांना ई-रिक्षा देण्याचाही विचार करायला सांगितला. न्यायाची ही दुसरी बाजू आम्हांला महत्त्वाची वाटली. आमच्या सल्लागार मंडळात त्यावर बरीच चर्चा झाली. एका सभासदांचे म्हणणे, चाके लावली की मजुरी वाचली. आम्ही म्हणालो, चाके कमरेसाठी लावतो आहोत, बचतीसाठी नव्हे. अखेर ठरले असे की पेटीबरोबर पूर्वीसारखीच चार माणसे बोलवायची. एकाने पेटी सांभाळायची, तिघांनी मंडपाचे आणि बाकड्यांचे काम करायचे, जे आजवर आमचे तरुण टाळत आले. मजुरी तीच. हा ठराव किती वर्षे टिकेल ते आमच्यानंतर येणाऱ्या धर्मगुरूंवर अवलंबून आहे.

पेटीचा निवाडा मिस्त्रींनीच केला. तळाला चार चाके न लावता त्यांनी मागच्या खालच्या कडेला दोनच चाके बसवली, मोठी, सहा इंची, आणि वरच्या बाजूला एक दांडी. पेटी मागे कलती केली की ती चाकांवर येते आणि एकटा माणूस ती ओढून नेतो, रेल्वे फलाटावर हमाल ढकलगाडी नेतात तशी. उभी केली की चाके जमिनीपासून बोटभर वर राहतात आणि पेटी आपल्या रबरी पायांवर बसते. खडखडायला चाक जमिनीवर नाही, सरकायला उतार पुरत नाही, टेम्पोत चढवायला एक फळी पुरते. वाड्यांकडच्या पायवाटेवर, पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात, ही चाकेही रुततात. तेथे आम्ही आता पेटी नेतच नाही. ढोलकी नेतो.

ते गृहस्थ पेटी ओढतात. एका हाताने ओढता येते, असे त्यांनी आम्हांला दोन-तीनदा करून दाखवले. कीबोर्डवाल्या तरुणाने नव्या चाकांविषयी पुन्हा कधी तक्रार केली नाही. मात्र वाजवायला बसला की तो पेटी आपल्या डाव्या बाजूला ओढून घेतो, चप्पल काढतो आणि अनवाणी पाऊल तिच्या कडेला टेकवून ठेवतो.